टाय-इन अंक हातात आला की आधी माणूस धरावा

प्रश्न असा आहे. दिग्रसकडच्या एका गावातल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला नागपुरात, सीताबर्डीवरच्या जुन्या पुस्तकांत 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा ५३५ क्रमांकाचा अंक मिळाला. मुखपृष्ठावर 'सिव्हिल वॉर' असं ठसठशीत छापलेलं. सोबतच्या धाकट्या भावानं त्याच ढिगातून 'वूल्व्हरिन' ४४ उचलला, त्यावरही तीच छाप. दोघांनी दोन्ही अंक वाचले आणि दोन्ही अधांतरी वाटले. आता तो विचारतो की हे कळायला अख्खं 'सिव्हिल वॉर' जमवावं लागेल का, कुठल्या क्रमानं वाचायचं, आणि इंग्रजी जेमतेम असताना या भानगडीत पडावं का.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पुस्तकं भाड्यानं देत आलो. वाचनालयाच्या अर्ध्या जागेत आता स्पर्धा परीक्षेच्या पोट्ट्यांची अभ्यासिका झाली आहे, पण कॉमिक्सचं कपाट मी हलू दिलेलं नाही. हा प्रश्न त्या कपाटासमोर नेहमी येतो, म्हणून थोडं ऐसपैस लिहितो.

भाऊ, आधी थेट उत्तर घे. अख्खं जमवायची काही गरज नाही. २००६-०७ मध्ये मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीनं 'सिव्हिल वॉर' काढलं तेव्हा मुख्य मालिका होती अवघ्या ७ अंकांची. लेखन मार्क मिलरचं, चित्रं स्टीव्ह मॅकनिव्हनची. तिच्या भोवती इतर मालिकांचे जे अंक जोडले गेले ते कित्येक डझन भरतात. हे जोडलेले अंक म्हणजे टाय-इन. ते सगळे वाचणारा माणूस मला तरी भेटलेला नाही, आणि छापणाऱ्यांचीही ती अपेक्षा नसावी. ज्याला वूल्व्हरिन आवडतो त्यानं मुख्य मालिका चाळावी, ज्यानं मुख्य मालिका घेतली त्यानं जाता जाता वूल्व्हरिनही उचलावा, एवढाच त्यामागचा धंद्याचा हिशेब.

आता तुझा अंक अधांतरी का वाटला ते पाहू. टाय-इन अंकात दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एक त्या नायकाची स्वतःची, जी आधीपासून चालत आलेली असते आणि नंतरही चालणार असते. दुसरी त्या मोठ्या घटनेची, जी काही महिन्यांपुरती सगळ्यांच्या घरात शिरते. नवा वाचक अडखळला की सगळा दोष मोठ्या घटनेला देतो. 'मी सिव्हिल वॉर वाचलं नाही म्हणून मला कळत नाही,' असं म्हणतो. बहुतेक वेळा अडचण पहिल्या गोष्टीत असते.

तुझेच तीन प्रश्न बघ. स्पायडरमॅन लाल-सोनेरी पोशाखात का आहे? तो बायको आणि काकूसकट आयर्न मॅनच्या इमारतीत का राहतो? सगळे त्याला पीटर म्हणून का हाक मारतात? यातल्या पहिल्या दोघांचा सिव्हिल वॉरशी थेट संबंध नाही. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, त्याआधीच ॲव्हेंजर्स या नायकांच्या संघात गेला होता, राहतं घर जळालं होतं, आणि टोनी स्टार्कनं, म्हणजे आयर्न मॅननंच, त्याला आसरा दिला होता. तो नवा पोशाख स्टार्कनंच बनवला, तो दिसतो ५२९ व्या अंकापासून. तिसरा प्रश्न तेवढा सिव्हिल वॉरचा. मुख्य मालिकेच्या दुसऱ्या अंकात पीटर पत्रकार परिषदेत मुखवटा काढून जगाला आपलं नाव सांगतो. म्हणजे तीनपैकी दोन उत्तरं स्पायडरमॅनच्याच मागच्या अंकांत आहेत, आणि तू शोधतो आहेस मुख्य मालिकेत.

म्हणून माझा सल्ला नेहमी एकच असतो. युद्धाच्या मागे लागू नको, माणूस धर. ज्या नायकाचा अंक तुझ्या हातात आहे, त्याच नायकाचे आगेमागेचे अंक आधी वाच. तुझ्या बाबतीत ते आहेत ५३२ ते ५३८. सलग सात भागांची ही कथा आहे, लेखक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की, चित्रकार रॉन गार्नी. तुझा ५३५ हा त्यातला चौथा भाग, अगदी मधोमध. मधलं पान फाडून वाचल्यावर जसं वाटायचं तसंच तुला वाटलं. हे सातही अंक 'सिव्हिल वॉर: अमेझिंग स्पायडरमॅन' या नावानं एका पुस्तकात मिळतात. मुख्य मालिकेचे सात अंक दुसऱ्या पुस्तकात. दोन पुस्तकांत तुझं काम भागतं. फार तर ५२९ ते ५३१ मिळाले तर बघ, ते 'रोड टू सिव्हिल वॉर' या संग्रहात आहेत.

आता मुख्य कथेतलं तुला लागेल तेवढं इथंच सांगतो. कनेटिकटमधल्या स्टॅमफर्ड या गावी न्यू वॉरियर्स नावाची तरुण नायकांची टोळी टीव्हीच्या कार्यक्रमासाठी खलनायकांना पकडायला जाते. त्या खलनायकांतला नायट्रो स्वतःच स्फोट होऊ शकणारा माणूस. तो शाळेजवळ फुटतो आणि मुलांसकट शेकडो माणसं मरतात. लोक खवळतात. सरकार कायदा करतं की प्रत्येक शक्तिधारी माणसानं नाव नोंदवायचं आणि सरकारच्या हाताखाली काम करायचं. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूनं, कॅप्टन अमेरिका विरोधात. पीटर सुरुवातीला स्टार्कच्या बाजूला आहे. तुझ्या ५३५ मध्ये तो स्टार्कबरोबर निगेटिव्ह झोन या वेगळ्याच विश्वातला तुरुंग पाहतो. नोंदणी नाकारणाऱ्यांना तिथं खटल्याशिवाय डांबून ठेवलेलं असतं. तिथून त्याचं मन फिरायला लागतं. एवढं ठाऊक असलं की अंक पुन्हा वाचून बघ. मारामारी त्यात कमीच आहे, आणि मला विचारशील तर अख्ख्या सिव्हिल वॉरमधला हा भाग मला मुख्य मालिकेपेक्षा सरस वाटतो. मुख्य मालिकेत पीटरनं बाजू बदलली हे तुला कळतं. इथं ती का बदलली हे कळतं.

मिलरच्या मालिकेत वीस-पंचवीस नायक गर्दी करून आहेत, कोणालाही दोन-तीन चौकटींपेक्षा जास्त जागा नाही. टाय-इनचं खरं काम तिथं सुरू होतं. मात्र त्यात एक गंमत होते. पीटर आणि आयर्न मॅनची झटापट मुख्य मालिकेच्या पाचव्या अंकातही आहे आणि 'अमेझिंग'च्या ५३६ मध्येही. दोन्ही वाचशील तेव्हा बोलणं आणि तपशील जसेच्या तसे जुळणार नाहीत. दोन लेखक, दोन चित्रकार, दोन टेबलं. कायदा नेमका काय म्हणतो यावरही सगळ्या मालिकांचं एकमत नाही. कुठं तो नुसती नोंदणी आहे, कुठं सक्तीची भरती. असं दिसलं की खरं कोणतं याचा निवाडा करत बसू नको. ज्याच्या नावाचा अंक आहे त्याच्या मनातलं त्या अंकात खरं धर, आणि कोण जिंकलं, कोण गेलं हे मुख्य मालिकेतलं खरं धर. माझा तरी एवढ्यावर निभाव लागतो.

धाकट्याच्या वूल्व्हरिनची गोष्ट निराळी. ४२ ते ४७ ही सहा अंकांची कथा, मार्क गुगेनहाइमनं लिहिलेली, चित्रं हुम्बेर्तो रामोसची. सगळे नायक कायद्यावरून एकमेकांची डोकी फोडत असताना वूल्व्हरिनला साधा प्रश्न पडतो, की ज्यानं स्फोट केला तो नायट्रो गेला कुठं? मुख्य मालिकेत हे जवळजवळ कुणीच विचारत नाही. वूल्व्हरिन त्याच्या मागे लागतो, त्यात एकदा हाडांच्या सापळ्यापर्यंत जळून पुन्हा उभा राहतो (हे जरा अतीच झालं असं माझं मत), आणि त्याला कळतं की नायट्रोची ताकद औषधानं वाढवली होती. ते औषध पुरवणारा निघतो डॅमेज कंट्रोल या कंपनीचा प्रमुख वॉल्टर डेक्लन. ही कंपनी नायकांच्या मारामारीनंतर शहरातला मलबा उचलण्याची कंत्राटं घेते. जितकी मोठी पडझड, तितकं मोठं कंत्राट. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अख्ख्या युद्धाचं मूळ अशा एका बाजूच्या अंकांत पडलेलं आहे आणि मुख्य मालिका वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. धाकट्याला सांग, त्यानं स्पायडरमॅनच्या नादी न लागता हे सहा अंक मिळवावे. स्टॅमफर्डचा स्फोट माहीत असला की बाकी काही लागत नाही.

म्हणजे एकाच शिक्क्याखाली दोन वेगळ्या जातींचे अंक तुम्हा भावांच्या हाती आले. एक मुख्य घटनेला आतून चिकटलेला, दुसरा तिच्या कडेनं आपल्याच वाटेनं जाणारा. याखेरीज आणखी जाती आहेत. काही मोठ्या कथांना मुख्य मालिकाच नसते. १९९२-९३ मधली एक्स-मेनची 'एक्सक्युशनर्स साँग' ही १२ भागांची कथा चार मासिकांतून फिरत जाते. पहिला भाग एका मासिकात, दुसरा दुसऱ्यात. तिथला एक भाग गाळलास तर तेवढं भोक राहतंच. अशा अंकावर भागाचा क्रमांक छापलेला असतो, तो दिसला की समज. २००८ च्या 'सीक्रेट इन्व्हेजन'मध्ये उलटा प्रकार. रूप बदलणारे परग्रहवासी स्क्रल आपल्या नायकांच्या जागी येऊन बसलेत हे मुख्य मालिका सांगते, पण ते केव्हा आणि कसे घुसले हे 'न्यू ॲव्हेंजर्स' आणि 'मायटी ॲव्हेंजर्स'च्या अंकांत मागे जाऊन दाखवलं आहे. ते अंक कथा पुढे नेत नाहीत म्हणून पोट्टे कंटाळतात. मला तेच आवडतात.

आणि शेवटची जात, निव्वळ शिक्क्याची. १९८५ मध्ये डीसी या मार्व्हलच्या स्पर्धक कंपनीनं 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' काढलं, १२ अंक, मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझचं. विश्वांचा नाश जवळ आला की आभाळ लाल होतं अशी त्यात कल्पना होती. इतर मालिकांच्या काही अंकांवर क्रायसिसची पट्टी आली, आणि आत पाहावं तर एखाद्या चौकटीत आभाळ लाल दिसतं, कोणीतरी 'हे काय विचित्र' म्हणतं, आणि आपली नेहमीची गोष्ट सुरू. तिकडचे वाचक असल्या अंकांना अजून 'लाल आभाळवाले' म्हणतात. मोठी घटना आली की असे दोन-चार निघतातच. मुखपृष्ठावरच्या शिक्क्याचा आकार बघून अंक घेऊ नये.

मग दुकानात उभं राहून ओळखायचं कसं? मी आधी लेखकाचं नाव पाहतो. मुख्य मालिकेचा लेखक आणि टाय-इनचा लेखक एकच असेल तर तो अंक सहसा गाळता येत नाही. २००८-०९ च्या 'फायनल क्रायसिस'चा लेखक ग्रँट मॉरिसन. त्यानंच 'सुपरमॅन बियॉंड' हे दोन अंक बाजूला काढले. मुख्य मालिकेच्या अखेरच्या अंकात मँड्रॅक नावाचा खलनायक अवतरतो, त्याची ओळख त्या दोन अंकांत झालेली असते. ज्यांनी ते घेतले नाहीत ते शेवटाला 'हा कोण बावा?' म्हणत बसले. २००९-१० च्या 'ब्लॅकेस्ट नाइट'मध्येही तेच, मुख्य मालिका जेफ जॉन्सची आणि 'ग्रीन लँटर्न'ही त्याचंच. दोन्ही लगोलग वाचल्याशिवाय मजा नाही. सिव्हिल वॉरमध्ये स्ट्रॅझिन्स्की वेगळा, गुगेनहाइम वेगळा, म्हणून तिथं तुम्हाला मोकळीक आहे.

त्याच 'ब्लॅकेस्ट नाइट'चा एक विक्षिप्त प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेलेले नायक-खलनायक उठून येतात अशी ती कथा. डीसीनं त्या निमित्तानं बंद पडलेल्या मालिकाही उठवल्या, एकेका अंकापुरत्या, आणि क्रमांक जुनाच पुढे चालवला. 'द क्वेश्चन' ही मालिका ३६ व्या अंकानंतर १९९० मध्ये बंद झालेली. तिचा ३७ वा अंक आला २०१० मध्ये. जुन्या ढिगात असा ३७ वा अंक हाती लागला आणि तू इमानदारीनं ३६ वा शोधायला निघालास, तर वीस वर्षं मागे जाशील आणि हाती काहीच लागणार नाही.

लेखकानंतर पहिलं पान. त्या काळच्या मार्व्हलच्या अंकांत सुरुवातीलाच मागच्या कथेचा सारांश दिलेला असतो. भागवत सप्ताहात चौथ्या दिवशी जाऊन बसलेल्याला महाराज 'काल आपण कुठवर आलो होतो' हे सांगतात ना, तेच त्या पानाचं काम. बरेच जण ते सोडून थेट चित्रांवर जातात. तुझ्या प्रश्नावरून वाटतं की तूही तेच केलं असावंस. जुन्या, ऐंशीच्या दशकातल्या अंकांत असं पान नसतं, पण चौकटीच्या तळाशी तारांकन करून संपादक सांगतो की हे अमुक अंकात घडलं. ती टीप म्हणजे पुढच्या खरेदीचा पत्ताच.

वाचायचा क्रम हा वादाचा विषय आहे. काही लोक पान पान मोजून घटनाक्रम लावतात, हा अंक अर्धा वाचा, तो मधे घुसवा, पुन्हा इकडे या. मला ते पटत नाही. छापून आले त्या क्रमानं वाचावं. लेखकानं काय लपवायचं आणि काय दाखवायचं ते त्याच क्रमावर ठरवलेलं असतं. १९८४ चं 'सीक्रेट वॉर्स' घे. सगळे नायक एका परक्या जगात उचलून नेले जातात, आणि त्यांच्या आपापल्या मासिकांत पुढच्याच महिन्यात ते परतही येतात. 'अमेझिंग'च्या २५२ व्या अंकात स्पायडरमॅन काळा पोशाख घालून परततो. तो कुठून आला हे 'सीक्रेट वॉर्स'च्या आठव्या अंकात, कितीतरी महिन्यांनी कळलं. परिणाम आधी, कारण नंतर. वाचकांनी ते महिने तर्क लढवत काढले आणि तीच तर मजा होती. आज कुणी घटनाक्रम लावून आठवा अंक आधी वाचला तर ती मजा गेली.

सिव्हिल वॉरमध्ये याच्या उलट झालं. मुख्य मालिकेचा चौथा अंक वेळेत तयार होईना. टाय-इन वेळेवर आले असते तर पुढचं सगळं फुटलं असतं, म्हणून मार्व्हलनं त्यांतले बरेच अंकही मागे ढकलले. आणखी एक, मुखपृष्ठावरच्या महिन्यावर विसंबू नको. अमेरिकन अंकावर छापलेला महिना विक्रीच्या महिन्यापेक्षा दोन-तीन महिने पुढचा असतो. तुझ्यासाठी सोपा क्रम असा: मुख्य मालिकेचे पहिले दोन अंक, मग 'अमेझिंग'चे ५३२ ते ५३५, मग मुख्य मालिकेचे तीन ते पाच, मग ५३६ आणि ५३७, मुख्य मालिका संपव आणि सगळ्यांच्या शेवटी ५३८. यात थोडं पुढंमागं झालं तर काही बिघडत नाही.

हा पुढचा परिच्छेद शेवट फोडणारा आहे, नको असेल तर सोड. मुख्य मालिका कॅप्टन अमेरिकेच्या शरणागतीवर संपते आणि सरकारी बाजू जिंकते. पण पीटरनं मुखवटा काढल्याची किंमत त्यात कुठंच नाही. ती ५३८ च्या अखेरच्या पानांत आहे. किंगपिन या गुंडांच्या म्होरक्यानं पाठवलेल्या बंदूकवाल्याची गोळी मे काकूला लागते. तिथून स्पायडरमॅनच्या मालिकेची पुढची दिशा ठरते, २००७ च्या 'वन मोअर डे'पर्यंत, जिथं मेफिस्टो या सैतानाशी सौदा होऊन काकू वाचते आणि पीटरचं लग्नच पुसलं जातं. तो शेवट कित्येकांना अजून रुचलेला नाही, मलाही नाही. कॅप्टन अमेरिकेचंही तसंच. त्याला गोळी लागते ती मुख्य मालिकेत नाही, युद्ध आटोपल्यावर त्याच्याच मासिकाच्या २५ व्या अंकात. युद्धाचा हिशेब असा ज्याच्या त्याच्या घरी चुकता होतो.

आपल्याकडचे वाचक यात जास्त गोंधळतात त्याला कारण आहे. विदर्भातल्या गावांत कॉमिक्स म्हणजे हिंदीतली राज कॉमिक्स. नागराज महानगरात, ध्रुव राजनगरात, डोगा मुंबईत. दोघं-तिघं एकत्र यायचे तेव्हा त्यांचा स्वतंत्र विशेषांक निघायचा, आणि कथा मोठी असली तर शेवटच्या पानावर पुढच्या भागाचं नाव छापलेलं असायचं. 'नागायण' आठ भागांत आलं, पण एकामागून एक, सरळ ओळीत. नाव लक्षात ठेवून पुढच्या बाजाराला दुकानदाराला मागितलं की झालं. एकच घटना दहा मासिकांत एकाच वेळी सांडते ही सवय आपल्याला नाही. म्हणून आपला वाचक सगळं एका ओळीत लावायला बघतो, ते लागत नाही, आणि तो स्वतःच्या इंग्रजीला दोष देतो.

इंग्रजीचं म्हणशील तर पहिल्या वाचनात फक्त चित्रं बघ. कोण कुणाकडे पाठ करून उभा आहे, कुणाचा चेहरा कुठल्या पानावर बदलतो. ५३५ चांगलाच बोलका अंक आहे, तरी गार्नीच्या चेहऱ्यांवरून निम्मं कळतं. दुसऱ्या वाचनात मोठ्यानं वाच. फुग्यांतले काही शब्द जाड अक्षरात असतात, बोलताना त्यांवर जोर द्यायचा असतो. तसा जोर देऊन वाचलंस की वाक्याचा सूर लागतो, मग अडलेले शब्द तेवढे कोशात बघ. फोनवर मार्व्हल अनलिमिटेड नावाच्या सदस्यत्वात हे सगळे अंक आहेत आणि अंक उतरवून नेटशिवायही वाचता येतात. गावात रेंज जाते तेव्हा याचा उपयोग होतो. दोघं भाऊ मिळून एका महिन्याचं सदस्यत्व घ्या आणि स्पायडरमॅनचे सात, मुख्य सात, वूल्व्हरिनचे सहा एवढेच वाचा. पुढं ते आपोआप बाकीचे अंक सुचवत राहील, तिकडे लक्ष देऊ नका.

कागदावरच हवे असतील तर नागपूरच्या पुढच्या फेरीत दुकानदाराला 'सिव्हिल वॉर आहे का' असं विचारू नको. तो मुख्य मालिकेचे अंक वेगळे काढून ठेवतो आणि नाव ऐकलं की भाव चढवतो. 'जुने स्पायडरमॅन दाखवा' म्हण आणि ढिगात ५३६ आणि ५३७ हे आकडे शोध. ५३७ मध्ये कॅप्टन अमेरिका पीटरशी जे बोलतो ते वाचून झालं की मला कळव.